स्प्लिंक ८ महिने वापरलं, त्यातले ३ आठवडे एका ऱ वर गेले

स्प्लिंक म्हणजे यादीत दोनदा आलेला एकच माणूस शोधून त्याची रेकॉर्ड जोडणारं सॉफ्टवेअर. ते कुठून घ्यायचं, कशावर चालवायचं हे सोडून देते आणि ज्या दिवशी हे सगळं सुरू झालं तिथूनच सांगते.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत हिशोब बघते आणि कॉम्प्युटरचं काहीही अडलं की मलाच हाक मारतात. गेल्या दिवाळीच्या आधी काउंटरवर एक आजी आल्या, पिशवीतून पासबुक काढलं आणि म्हणाल्या, "बाई, माझी ठेव कुणाच्या नावावर घातलीस गं?" स्क्रीनवर त्यांचं खातंच नव्हतं. म्हणजे पैसे होते, पण त्यांच्या धाकट्या जावेच्या नावाखाली.

नावं बदलून सांगते, घोळ तोच आहे. एक शांताबाई रामचंद्र गोऱ्हे, दुसऱ्या कांताबाई रामदास गोऱ्हे. सख्ख्या जावा, घर एक, गाव एक, घरात सगळ्यांच्या फॉर्मवर मोबाईल नंबर एकच तो पुतण्याचा, आणि जन्मतारीख दोघींची १ जून १९५२. त्याच्या दोन महिने आधी आम्ही एका कंपनीकडून सभासदांचा डेटा साफ करून घेतला होता. त्यांच्या सॉफ्टवेअरने सहा रकान्यांची सरासरी काढली, ती आली ९५ टक्के, त्यांची मर्यादा होती ८५, झालं, दोघींची एक केली. मी नंतर कागदावर मांडून पाहिलं तर आकडा चुकलेला नव्हताच. दोन शब्द किती सारखे ते ० ते १ मध्ये सांगणारं जॅरो-विंकलर म्हणून एक माप आहे, त्यात शांताबाई आणि कांताबाई यात ८ चिन्हांपैकी एकच वेगळं, म्हणून ०.९२ च्या जवळ. रामचंद्र आणि रामदास यांची सुरुवात सारखी, आणि जॅरो-विंकलरमध्ये सुरुवात जुळली की जादा गुण मिळतात, म्हणून तेही ०.८१ च्या जवळ. बाकीचे चार रकाने पूर्ण जुळलेले. सरासरी ९५. आणि समोर आजी उभ्या.

त्याहून वाईट म्हणजे जोडलेलं परत सोडवायची सोयच नव्हती, जुना सभासद नंबर पुसूनच टाकलेला. फोन केला तर ८५ हेच सगळीकडे चालतं असं उत्तर, आणि परत वेगळं करून हवं असेल तर रेकॉर्डमागे वेगळे पैसे. ज्यांनी जोडलं त्यांनाच तोडायचे पैसे द्यायचे हे मला सहन होईना. जुना बॅकअप शोधला, दोन रात्री बसून आजींचं खातं परत उभं केलं आणि मॅनेजर साहेबांना सांगितलं की आता हे काम मी करते, एक रुपया कुणाला द्यायचा नाही.

स्प्लिंक निवडलं ते आधी फुकट आहे म्हणून, खरं सांगते. ब्रिटनच्या न्याय मंत्रालयातल्या टीमने बनवलंय, एमआयटी लायसन्स आहे म्हणजे कुणीही मोकळेपणाने वापरावं, आणि साध्या लॅपटॉपवर १० लाख रेकॉर्ड साधारण मिनिटभरात जोडतं असं ते सांगतात. आमचे सगळे मिळून ४८,००० रेकॉर्ड आणि माझा लॅपटॉप ८ जीबीचा. ४८,००० म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना, पण प्रत्येकाची प्रत्येकाशी तुलना करायची म्हटलं की ११५ कोटी जोड्या होतात, म्हणून ब्लॉकिंग लागतं. म्हणजे ज्यांच्यात निदान एखादी गोष्ट तंतोतंत सारखी आहे, तेवढ्यांचीच तुलना. हे ब्लॉकिंग लक्षात ठेवा, पुढे त्यानेच रडवलंय.

पहिला महिना माझं मत वाईट होतं. एक तर इंटरनेटवरचे बरेचसे जुने धडे आवृत्ती ३ चे आणि २०२४ ला आवृत्ती ४ आली तेव्हा फंक्शन्स बदलली, त्यामुळे कॉपी केलेलं काहीच चालेना. ते एकवेळ ठीक. पण मोठ्या आशेने पहिला रिझल्ट काढला आणि सगळ्यात आधी काय बघितलं असेल तर त्या दोन जावा, आणि त्या परत एकत्र! तेव्हा मी लॅपटॉप बंद करून घरी निघून गेले होते.

मग शांतपणे वाचलं तेव्हा कळलं की चूक माझ्या मांडणीत होती. हे सगळं ज्या सिद्धांतावर उभं आहे तो १९६९ चा, फेलेगी आणि सन्टर या कॅनडातल्या दोन संख्याशास्त्रज्ञांचा. प्रत्येक रकान्याला दोन प्रश्न विचारायचे. माणूस खरंच एकच असेल तर हा रकाना जुळण्याची शक्यता किती, तो एम. आणि माणसं वेगळी असतील तरी योगायोगाने जुळण्याची शक्यता किती, तो यू. एमला यूने भागायचं, त्याचा २ च्या पायाने लॉग घ्यायचा, ते त्या रकान्याचं वजन. सगळी वजनं बेरीज करायची. यात गोम अशी आहे की बेरीज करताना रकाने एकमेकांवर अवलंबून नाहीत असं धरलेलं असतं. आता एकत्र कुटुंबात आडनाव, गाव, घर नंबर, मोबाईल हे चारही एकत्रच जुळतात, ते चार पुरावे नाहीत, तो एकच पुरावा आहे की घर एक आहे. मी तो चार वेळा मोजत होते. मग पत्ता आणि मोबाईल मिळून एकच तुलना केली आणि तिला "घर" असं नाव दिलं, दोन्ही जुळले तरी वजन एकदाच. जावा सुटल्या. त्या दिवसापासून माझं मत बदलायला लागलं.

दुसरं, जन्मतारीख. महाराष्ट्रात जुन्या पिढीला सांगायची गरज नाही, शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिली आणि जन्मभर तीच राहिली, माझ्या वडिलांची पण तीच. आमच्या यादीत ६,००० च्या वर लोक १ जूनचे आहेत. शिवाय आधारवर नुसतं जन्मवर्ष असलं की फॉर्म भरणारा १ जानेवारी टाकून मोकळा होतो. बाहेरच्या देशातल्या उदाहरणांत जन्मतारीख जुळणं म्हणजे जवळजवळ निकाल लागल्यासारखं धरतात, आपल्याकडे १९ ऑक्टोबर जुळणं आणि १ जून जुळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्प्लिंकमध्ये यासाठी टर्म फ्रिक्वेन्सी म्हणून सोय आहे, जी किंमत यादीत वारंवार येते तिच्या जुळण्याला वजन कमी, दुर्मिळ किंमत जुळली तर जास्त. ती जन्मतारखेला लावली, आडनावाला लावली. पाटील जुळला तर थोडं, कोंडविलकर जुळला तर भरपूर. हे एक फीचर नसतं तर मी हे टूल सोडून दिलं असतं.

आणि मधलं नाव. बाहेरच्या बऱ्याच उदाहरणांत मधलं नाव वगळलेलंच असतं, पहिलं नाव आणि आडनाव घेतात आणि पुढे जातात. आपल्याकडे तेच तर राजा आहे. आमच्या काही गावांत अर्धं गाव एका आडनावाचं, तिथे आडनाव जुळल्याचं वजन जेमतेम १ येतं. पण बापाचं किंवा नवऱ्याचं नाव जुळलं नाही तर साधारण उणे ४, म्हणजे आडनाव आणि लिंग दोन्ही जुळलं तरी ते भरून निघत नाही. ज्या कंपनीने सहा रकाने सारख्याच मापाने मोजले तिला हे गावात येऊन कुणीतरी सांगायला हवं होतं.

आता ऱ. यावर लोक म्हणतात की किती ताणतेस, पण ताणणारच.

गोऱ्हे हे आडनाव घ्या. आणि हे दुसरं गोर्‍हे. दोन्ही सारखेच दिसतायत ना? कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते सारखे नाहीत. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, त्याला हलन्त आणि पुढे ह. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात, आणि मग ह. कुठला कीबोर्ड आहे, मोबाईलवर टाइप केलंय का, की जुन्या फॉन्टमधल्या फाईली कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणल्यात, त्यावर ठरतं यातलं काय पडणार. आमच्याकडे तिन्ही झालेलं आहे. शिवाय ज्याला ऱ कुठे आहे तेच सापडत नाही तो सरळ गोर्हे लिहितो, रफार देऊन, ते निदान डोळ्याला वेगळं दिसतं. आणि चौथा प्रकार म्हणजे र खाली नुक्ता म्हणजे टिंब देऊन केलेला, तोही ऱ सारखाच दिसतो.

मला आधी कळेचना की काही घरं अजिबात का जुळत नाहीत. नाव तेच, बापाचं नाव तेच, जन्मतारीख १ जून नसलेली खरी, आणि तरीही जोडीच यादीत नाही. वजन कमी पडलं असतं तर समजलं असतं, पण जोडी नाहीच! तासन् तास स्क्रीनकडे बघत बसायचे, दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून, एकही फरक नाही. शेवटी वैतागून अक्षरांची लांबी मोजायला लावली तर एक ६ आणि एक ७. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी ब्लॉकिंग आडनावावर आणि गावावर केलं होतं, आणि ब्लॉकिंगला तंतोतंत लागतं, जवळपास चालत नाही. त्यामुळे त्या जोड्या तुलनेपर्यंत पोचतच नव्हत्या. हाताने मोजलं तर या दोन गोऱ्ह्यांची जॅरो-विंकलर जवळपास ०.८८ येते, म्हणजे एकच आडनाव स्वतःशीच ०.८८! आणि शांताबाई-कांताबाई त्याहून जास्त जुळतात. हे मी मॅनेजर साहेबांना दोन वेळा समजावून सांगितलं.

मला वाटलं युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारे टाइप झालेलं तेच अक्षर एकसारखं करणं, ते लावलं की काम झालं. नाही झालं. त्यातली एनएफसी ही पद्धत लावल्यावर नुक्तावाला प्रकार ऱ मध्ये येतो, पण जोडचिन्हवाला येत नाही, कारण युनिकोडच्या नियमात त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि हे एका आडनावापुरतं नाही. गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाटे, वऱ्हाडे, आणि पत्त्यात तर कऱ्हाड! तालुकाच कऱ्हाड, काही जण कराड लिहितात, सरकारी कागदावर कराड, जुनी माणसं कऱ्हाडच म्हणणार, आणि ते कऱ्हाड पुन्हा तीन-चार प्रकारे. त्यात ॲड. ची भर, एक अक्षर म्हणून आलेला ॲ आणि अ वर चंद्र देऊन केलेला, तेही दिसायला एक आणि आतून दोन. तीन आठवडे रोज संध्याकाळी यावर बसले. शेवटी स्वतःचं एक छोटं फंक्शन केलं, आधी एनएफसी, मग र हलन्त जोडचिन्ह दिसलं की ऱ हलन्त करायचं, रफारवाला र्ह सुद्धा फक्त तुलनेपुरता ऱ्ह धरायचा, उरलेली न दिसणारी चिन्हं काढून टाकायची, मूळ रकान्याला हात लावायचा नाही. वीस ओळी सुद्धा नाहीत. ते लावून परत चालवलं तेव्हा जी घरं सापडत नव्हती ती एकामागून एक वर आली आणि मला खरंच रडू आलं.

यात स्प्लिंकचा दोष नाही, ते जे देऊ तेच तोलतं. पण मराठी नावांवर हे वापरणाऱ्या प्रत्येकाने सगळ्यात आधी हे करावं, मॉडेल नंतर. आपल्या स्वतःच्या भाषेतलं अक्षर आहे, आपण नाही बघितलं तर कोण बघणार.

इंग्रजीत टाइप केलेल्या रेकॉर्डचं दुखणं वेगळं. साधारण एक तृतीयांश नावं इंग्रजीत आहेत आणि तिथे मला कुणीतरी साउंडेक्स सुचवलं, म्हणजे उच्चारावरून कोड, पहिलं अक्षर आणि तीन आकडे. रॉबर्ट रसेलने १९१८ ला अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं, तिकडच्या जनगणनेची नावं शोधायला ते वापरलं गेलं. आपल्या नावांवर काय होतं बघा. स्वर, एच आणि डब्ल्यू सोडून देतात, त्यामुळे गोरे, गोऱ्हे आणि डब्ल्यूने लिहिलेलं गवारी तिघांचा कोड जी ६००. आणि पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवतात, त्यामुळे वाघ हे नाव डब्ल्यूने लिहिलं तर एक कोड आणि व्हीने लिहिलं तर दुसरा. आपल्याकडे व ला व्ही की डब्ल्यू हे ज्याच्या त्याच्या मनावर. दोन दिवसांत साउंडेक्स काढून टाकलं, आणि इंग्रजी नावांसाठी स्वतः बदलांची यादी केली, डब्ल्यू आणि व्ही एक, डबल ई आणि आय एक, एस आणि एसएच वेगळेच राहू द्यायचे नाहीत वगैरे. ओबडधोबड आहे पण चालतं.

आता जे मनापासून आवडलं ते. लग्न झालेल्या मुली. माहेरच्या नावाने लहानपणी बचत खातं उघडलेलं, लग्नानंतर नवऱ्याच्या नावाने दुसरं, आणि त्यात मधलं नाव, आडनाव, पत्ता, मोबाईल सगळं बदललेलं, काही घरांत तर पहिलं नावही बदलतात. वजनांची बेरीज केली तर उणेच येणार, मी धरून चालले होते की या जोड्या कधीच सापडणार नाहीत. मग पॅनकडे लक्ष गेलं. पॅनच्या १० अक्षरांतलं पाचवं अक्षर म्हणजे आडनावाचं पहिलं अक्षर, आणि लग्नानंतर नाव बदलून घेतलं तरी नंबर तोच राहतो. म्हणजे आता आडनाव शिंदे असलेल्या बाईच्या पॅनमध्ये पाचवं अक्षर इंग्रजी जे (J) असेल तर माहेर जाधव, जगताप असं काहीतरी असणार. तो एक रकाना काढला, पहिलं नाव आणि पूर्ण जन्मतारीख यांच्यावर वेगळं ब्लॉकिंग केलं, आणि बाहेर आलेल्या जोड्या एकेक फोन करून विचारल्या. एका ताईंनी फोनवर विचारलं की ते खातं अजून आहे का, आईने उघडलं होतं. होतं, व्याजासकट.

सगळे आधार नंबरवरून का नाही जुळवत असं बरेच जण विचारतात. जुन्या फॉर्मवर आधार नाहीच, आणि जिथे आहे तिथे टाइप करताना अंक चुकलेत. आधारचा १२ वा अंक तपासणीचा असतो, व्हेरहोफ पद्धतीचा, त्यामुळे एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले तर लगेच कळतं. ती तपासणी लावल्यावर चुकीचे नंबर बाजूला काढता आले. तेवढ्यापुरता त्याचा उपयोग मोठा आहे, पण जो नंबर लिहिलाच नाही तो कुठून आणणार.

एका चुकीबद्दल सावध करते. जोड्या मिळाल्या की त्यांचे गट करतात, क जुळला ख शी, ख जुळला ग शी, मग क, ख, ग एका गटात. वजनांच्या बेरजेवरून स्प्लिंक दोन्ही रेकॉर्ड एकाच माणसाची असण्याची शक्यता ० ते १ मध्ये काढतं, तिची मर्यादा सुरुवातीला मी खाली ठेवली होती, ०.८०, आणि एक गट निघाला ३७ जणांचा, ९ वेगवेगळ्या गावांतले पाटील, साखळीने एकमेकांना पकडून. त्यामुळे गटांच्या आकाराची यादी आधी काढा आणि सगळ्यात मोठे गट स्वतः डोळ्यांनी बघा. आता माझी वरची मर्यादा ०.९९ आहे, आणि त्याच्या खाली ०.५ पर्यंत जे काही आहे ते मशीनने ठरवायचं नाही.

कारण त्या १९६९ च्या सिद्धांतातच तीन ढीग सांगितलेत, जुळलेले, न जुळलेले, आणि मधले, जे माणसाने बघायचे. आमच्या कंपनीने तो मधला ढीगच गायब केला होता. आमच्याकडे तो ढीग अण्णांकडे जातो. अण्णा २६ वर्षं पिग्मी गोळा करतात, दर संध्याकाळी दारोदार. मी जोडी वाचून दाखवते, ते डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, "मॅडम, ही थोरली पाती, ती धाकटी, ह्यांचं विहिरीवरून फाटलंय, ह्यांना एक करू नका." किंवा, "हा तोच हो, पुण्याला गेला आणि नाव पण दुसरं सांगाय लागला." स्प्लिंकचा वॉटरफॉल चार्ट म्हणून एक आहे, कुठल्या रकान्याने वजन किती वर नेलं, कुठल्याने खाली आणलं ते एकेक पट्टीने दाखवतो. अण्णांना इंग्रजी येत नाही, पण तो चार्ट त्यांना पहिल्याच दिवशी कळला, बोट ठेवून म्हणाले, इथं चुकतंय, हा मोबाईल दुकानाचा आहे. बघितलं तर खरंच तो एका मोबाईल दुकानदाराचा नंबर होता आणि ११ जणांच्या फॉर्मवर होता. संचालक मंडळाच्या बैठकीतही मी तोच चार्ट पडद्यावर लावला. एक सभासद एक मत हा सहकाराचा पाया, आणि मतदार यादीत कुणी दोनदा आलं तर निवडणुकीत काय होतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत, त्यामुळे मंजुरी लगेच मिळाली.

पैशाचं सांगायचं तर सॉफ्टवेअरला शून्य, अण्णांच्या जादा वेळेचे पैसे संस्थेने दिले, आणि माझे आठ महिन्यांचे शनिवार. मूळ रेकॉर्ड एकही पुसलेलं नाही, वेगळ्या टेबलात फक्त लिहिलंय की हा नंबर आणि तो नंबर एकच माणूस, कुणी ठरवलं, कधी. उद्या चूक निघाली तर ती एक ओळ काढायची, आजींच्या खात्यासारखं दोन रात्री बसायला नको. ज्यांना पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) थोडंफार येतं त्यांनी बिनधास्त घ्या, ज्यांना येत नाही त्यांनी आधी कुणाला तरी सोबत घ्या.

अजून अडलंय ते एवढंच की ज्या बायकांचं पॅनच नाही, लग्नाआधीचं खातं आहे आणि जन्मतारीख दोन्हीकडे १ जून, त्यांना जोडायला माझ्याकडे काही नाही. तशी ३४० खाती आहेत. अण्णा म्हणतात त्यातल्या निम्म्यांची माहेरं त्यांना माहीत आहेत, येत्या गुरुवारपासून बसतोय. आणि ते ऱ चं फंक्शन कुणाला हवं असेल तर सांगा, लगेच पाठवते.